मिठाच्या दाट पाण्यात आयनभोवती पाणी किती? मोजायचं कसं: कागदावर, डब्यात आणि कॉम्प्युटरवर

अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं ते चित्र आठवत असेल, मधे सोडियमचा आयन (प्रभार असलेला अणू), त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू ऑक्सिजनची बाजू आत करून बसलेले, पलीकडे क्लोराइड, त्याच्याभोवती परत सहा, आणि उरलेल्या पानभर मोकळं निवांत पाणी. चित्र खोटं नाही पण ते एकदम पातळ सोल्युशनचं आहे. बरणीत तळाशी मीठ उरेपर्यंत मीठ विरघळवलं की आत जे होतं त्याला हे चित्र लागू पडत नाही, कारण तेवढं पाणीच शिल्लक नसतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला पोरं थेट सिम्युलेशन (रेणूंच्या हालचालीची कॉम्प्युटरवरची नक्कल) लावतात, आकडा येतो, आणि तो बरोबर की चूक हे कळायला हातात काहीच नसतं. म्हणून मी सांगतो त्या क्रमाने जा, आधी कागद, मग डबा, आणि कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी.

आधी साधा भागाकार

एक किलो पाण्यात ५५.५ मोल पाणी असतं (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप, डझनासारखं). २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सोडियम क्लोराइड जास्तीत जास्त ३६ ग्रॅम विरघळतं, म्हणजे किलोला ६.१५ मोल. ५५.५ भागिले ६.१५ केलं की ९ येतात. झालं, एका सोडियम-क्लोराइड जोडीच्या वाट्याला पाण्याचे फक्त ९ रेणू. समुद्राच्या पाण्याचा हाच हिशोब करा, किलोमागे ३५ ग्रॅम क्षार आणि सोपं जावं म्हणून ते सगळं साधं मीठच धरलं, तर जोडीमागे ९० च्या आसपास रेणू येतात. दहापट फरक आहे. पुस्तकातलं चित्र समुद्राला चालेल, मिठागरातल्या शेवटच्या वाफ्याला नाही चालणार.

आता बाकीच्यांचं बघा. पोटॅशियम क्लोराइड १०० ग्रॅम पाण्यात ३५.५ ग्रॅम विरघळतं, जोडीमागे पाणी ११.७. मॅग्नेशियम क्लोराइड साधारण ५५ ग्रॅम, तिथे एका मॅग्नेशियम आणि दोन क्लोराइडमागे मिळून ९.६. आणि लिथियम क्लोराइड म्हणजे कहर आहे, १०० ग्रॅम पाण्यात ८४ ग्रॅमच्या घरात विरघळतं, आणि जोडीमागे पाणी उरतं २.८. म्हणजे तिथे पाण्यात मीठ विरघळलंय म्हणायचं की मिठात पाणी, हा प्रश्नच आहे.

हा भागाकार कुठलंही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी करायचा. वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे दर पायरीला लागणार आहे.

मग आयनला लागतं किती ते लिहा

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे थोडा ऋण प्रभार आणि दोन हायड्रोजनकडे थोडा धन. धन आयन ऑक्सिजनला जवळ ओढतो. ऋण आयन हायड्रोजनला ओढतो, पण दोन्ही नाही, साधारण एका वेळी एकच हायड्रोजन त्याच्याकडे तोंड करून असतो आणि दुसरा भलतीकडे, शेजारच्या पाण्याशी नाहीतर दुसऱ्या आयनशी बोलत असतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण दाट सोल्युशनचा सगळा खेळ त्या दुसऱ्या हायड्रोजनवर चालतो.

आकडे असे. लिथियमभोवती ४ पाणी, ऑक्सिजनपर्यंतचं अंतर २ अँगस्ट्रॉमच्या जवळ (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). सोडियमभोवती ५ ते ६, अंतर साधारण २.४. पोटॅशियमभोवती ६-७, अंतर २.८ च्या आसपास, पण त्याचं कवच, म्हणजे भोवतीच्या पाण्याचं कडं, इतकं ढिलं की नेमका आकडा सांगणं म्हणजे गर्दीत रांग मोजणं. मॅग्नेशियमभोवती पक्के ६, अंतर २.१, इथे वाद नाही. क्लोराइडभोवती ६ च्या आसपास, ऑक्सिजनपर्यंत ३.१-३.२ आणि जवळच्या हायड्रोजनपर्यंत २.२.

आता बेरीज करा. सोडियमचे साडेपाच आणि क्लोराइडचे सहा, साडेअकरा झाले. वाट्याला आलेत नऊ. लिथियम क्लोराइडमध्ये चार आणि सहा दहा, वाट्याला पावणेतीन. मॅग्नेशियमचे सहा आणि दोन क्लोराइडचे बारा, अठरा लागतात, आहेत साडेनऊ.

मग तोंडमिळवणी होते कशी? एकतर एकच पाणी दोघांत वाटलं जातं, ऑक्सिजन सोडियमला आणि हायड्रोजन क्लोराइडला. नाहीतर क्लोराइडच सोडियमच्या पहिल्या कवचात येऊन बसतो आणि एका पाण्याची जागा घेतो, म्हणजे दोन आयन एकमेकांना थेट चिकटतात. प्रत्यक्षात दोन्ही होतं. कोणता मार्ग जास्त वापरला जाईल ते धन आयन पाण्याला किती घट्ट धरतो यावर ठरतं. मॅग्नेशियम आपले सहा सोडतच नाही, त्यामुळे क्लोराइड बिचारे बाहेर राहतात, मॅग्नेशियमच्याच पाण्याचे हायड्रोजन धरून. सोडियम तेवढा कडक नाही, तो जागा देतो.

याचा पुरावा डोळ्यांनी दिसणारा आहे. साधं मीठ सुकवलं की स्फटिकात पाणी शून्य. नेहमीच्या तापमानाला सोडियम क्लोराइड कोरडंच बाहेर पडतं, दोन पाणी घेतलेला त्याचा स्फटिक साधारण शून्य अंशाच्या खालीच मिळतो. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र सहा पाणी घेऊनच बाहेर येतं आणि त्या स्फटिकातही मॅग्नेशियमभोवती तेच सहा रेणू असतात, क्लोराइड बाहेर. बरं, तापवून ते पाणी घालवू म्हटलं तर सरळ जात नाही, जाताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघायला लागतो, म्हणजे पाणी सोडण्यापेक्षा ते पाणी फोडणं त्याला परवडतं. (घरी करू नका, तो वायू घशाला लागतो.)

उरण-पेणकडच्या मिठागरात हीच गोष्ट एकरांवर चालते. समुद्राचं पाणी उन्हात आटवत नेलं की आधी जिप्सम खाली बसतं, मग बोमे मीटरवर (पाण्याचा दाटपणा मोजायची नळी) २५ अंशाच्या आसपास मीठ धरायला लागतं, आणि मीठ काढून झाल्यावर जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम असतं. शेवटपर्यंत पाणी न सोडणारा भिडू शेवटपर्यंत पाण्यातच राहतो.

डब्याचा प्रयोग, हा चुकवू नका

माझ्या मते हा सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त शिकवणारा प्रयोग आहे आणि तरी कॉलेजात कोणी करून घेत नाही. लागणार काय, घट्ट झाकणाचा एक छोटा डबा किंवा झिपची पिशवी, बाटलीचं एक झाकण, मीठ, आणि ऑनलाइन मिळतो तो स्वस्तातला डिजिटल आर्द्रता मीटर. झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकत ओल्या वाळूसारखं होऊ द्या, सगळं विरघळवायचं नाही, घन मीठ दिसत राहिलं पाहिजे, नाहीतर सॅच्युरेटेड (आणखी मीठ विरघळणार नाही इतकं दाट) राहणार नाही आणि आकडा हलेल. झाकण डब्यात, शेजारी मीटर, पण मिठाला टेकू द्यायचा नाही. बंद करून रात्रभर एका जागी ठेवा, ऊन नको, फ्रिजच्या मागची गरम जागा नको. सकाळी डबा न उघडता वाचा.

मीटर नीट असेल तर ७५ टक्के दाखवेल. २० अंशाला ७५.५, २५ ला ७५.३, ३० ला ७५.१, इतकं ते स्थिर आहे, म्हणूनच लोक मीटर तपासायला हेच वापरतात. तुमचा मीटर ७१ दाखवत असेल तर मीटर चार टक्के खाली वाचतोय, तेवढं पुढच्या आकड्यात वाढवून घ्या.

आता याचा आयनशी संबंध काय. नुसतं पाणी असतं तर डब्यात १०० टक्के झालं असतं. मिठामुळे ७५ झालं, म्हणजे पाण्याची बाहेर पळायची ओढ पाऊण झाली. समजा आयन पाण्याला अजिबात धरत नाहीत, नुसते गर्दी करतात, तर ९ पाणी आणि २ आयन, ११ पैकी ९, म्हणजे ८२ टक्के यायला हवे होते. आले ७५. मधले सात टक्के कुठे गेले? समजा जोडीमागे काही पाणी इतकं अडकलंय की ते मोजणीतच धरायचं नाही. किती अडकलं तर ७५.३ येईल? मोकळं पाणी क्ष धरा, क्ष भागिले क्ष अधिक २ बरोबर ०.७५३, क्ष येतो ६.१. नवातून गेले ६.१, अडकलेलं पाणी २.९. साधारण तीन.

स्टोक्स आणि रॉबिन्सन यांनी १९४८ मध्ये असाच विचार वापरून, अर्थात डेबाय-ह्यूकेलचा (आयनांच्या आपसातल्या ओढीचा सिद्धांत) भाग जोडून आणि पुष्कळ जास्त काळजीने, सोडियम क्लोराइडसाठी ३.५ काढला होता. आपला दोन ओळींचा हिशोब त्याच गावात पोचतो हे भारी आहे.

हेच बाकीच्यांना लावा. पोटॅशियम क्लोराइडच्या डब्यात ८४.३ टक्के, त्यातून अडकलेलं पाणी येतं जेमतेम १. मॅग्नेशियम क्लोराइडचे ३२.८ टक्के, इथे आयन तीन असल्याने भागाकारात २ च्या जागी ३ घ्यायचे, आणि अडकलेलं पाणी येतं ८ च्या आसपास, ९.६ पैकी! मॅग्नेशियमचे सहा तर त्यात गेलेच, वर आणखी दोन. लिथियम क्लोराइडचे ११.३ टक्के, तिथे २.८ पैकी २.५ अडकलेले, मोकळं पाणी जवळपास नाहीच. १, ३, ८, ही चढण बघा आणि मगाचची अंतरं बघा, २.८, २.४, २.१. आयन जितका लहान आणि प्रभार जितका जास्त तितकं पाणी घट्ट. लिथियम क्लोराइड मात्र लॅबमध्येच करा, ते घरात आणायची वस्तू नाही.

इथे एक भांडण मिटवून टाकू. सोडियम क्लोराइडला भोवतीचं पाणी साडेअकरा की तीन? दोन्ही. साडेअकरा म्हणजे शेजारी किती बसलेत ते, तीन म्हणजे बाष्पदाबाच्या दृष्टीने किती कामातून गेलेत ते. शेजारी बसलेला प्रत्येकजण बांधलेला नसतो. त्यामुळे कोणी तुम्हाला 'सोडियमचा हायड्रेशन नंबर इतका' असं सांगितलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, की कशाने मोजला. पद्धत न सांगता दिलेला आकडा मी तरी वाचत नाही.

आणि पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं तेही इथेच कळतं. हवेतली आर्द्रता ७५ च्या वर गेली की मीठ हवेतून पाणी घ्यायला लागतं, कोकणात जुलैमध्ये ती कित्येक दिवस त्याच्या वरच असते. खडेमीठ त्याआधीच ओलं होतं कारण त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं आणि त्याला ३३ टक्केही पुरतात.

सिलिंडरचा छोटा प्रयोग

हा पटकन सांगतो. मोठ्या मेजरिंग सिलिंडरमध्ये २०० मिली पाणी, त्यात ७० ग्रॅम मीठ. मिठाची घनता २.१६५, म्हणजे त्याचं स्वतःचं आकारमान ३२ मिली, बेरीज २३२ व्हायला हवी. पूर्ण विरघळल्यावर (वेळ लागतो, हलवत राहा, बुडबुडे जाऊ द्या) रीडिंग येतं २२६ च्या आसपास. सहा-सात मिली गायब. दाण्यांमधल्या हवेचा इथे संबंध नाही, कारण आकारमान आपण घनतेवरून काढलंय, ढिगाच्या उंचीवरून नाही. आयनच्या जवळ पाणी जास्त आवळून बसतं, नुसत्या पाण्यात ते पोकळ जाळीसारखं ऐसपैस असतं, ती जाळी मोडते. याच्यातून रेणूंचा आकडा काढायच्या फंदात पडू नका, निघत नाही. पण सोल्युशनची घनता साधारण १.२० आहे हे मिळालं आणि ती पुढे कॉम्प्युटरवर लागणार आहे.

आता कॉम्प्युटर

ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि एवढ्या छोट्या डब्याला (म्हणजे आता सिम्युलेशनमधल्या घनाला) सर्व्हर लागत नाही. पाण्याचे १००० रेणू घ्या. सॅच्युरेशनला त्यात १११ जोड्या बसतात, १००० भागिले ९, कोपऱ्यातला तोच आकडा. घनता १.१९८ धरली तर घनाची बाजू ३.२४ नॅनोमीटर येते. पोरं इथे मोलॅरिटी (लिटर सोल्युशनमागे मोल) टाकतात, म्हणजे ६ मोलर द्या म्हणून सॉफ्टवेअरला सांगतात आणि ते डब्याच्या आकारमानावरून आयन टाकतं. दाट सोल्युशनमध्ये मोलॅरिटी आणि मोलॅलिटी (किलो पाण्यामागे मोल) एक नसतात, ६.१५ मोलॅल म्हणजे ५.४ मोलर. त्यामुळे आयनची संख्या स्वतः मोजून आकड्यातच द्या.

फोर्सफील्ड, म्हणजे कोण कुणाला किती ओढतं याची सूत्रं आणि आकडे, निवडणं हीच खरी परीक्षा. एसपीसी-ई या पाण्याच्या मॉडेलसोबत जंग आणि चीटहॅम यांचे २००८ चे पॅरामीटर बरेच जण वापरतात, चांगले आहेत, पण त्या मॉडेलमध्ये मिठाची विद्राव्यता साधारण ३.७ मोलॅलच भरते. म्हणजे तुम्ही ६.१५ वर चालवता तेव्हा मॉडेलच्या दृष्टीने ते सॅच्युरेशनच्या फार पुढे गेलेलं असतं, फक्त स्फटिक धरायला वेळ लागतो म्हणून तुमच्या रनमध्ये ते दिसत नाही. आयन-आयन चिकटणं अशा वेळी जास्त दिसतं. दुसरा रस्ता म्हणजे आयनचा प्रभार पूर्ण १ न ठेवता कमी करायचा. माद्रिद-२०१९ या फोर्सफील्डमध्ये तो ०.८५ आहे, आणि तो टिप-फोर-पी २००५ या पाण्याच्या मॉडेलसोबतच वापरायचा, एसपीसी-ईत टाकायचा नाही. दाट सोल्युशनसाठी मी दुसराच रस्ता सुचवेन. पहिल्याने काम करायचं तर ३ मोलॅलपर्यंत थांबा.

२९८ केल्विन, १ बार, लांबच्या प्रभारासाठी पीएमई (ती ओढ मोजायची ठरलेली पद्धत), हे नेहमीचंच. वेगळं एवढंच की समतोलाला वेळ जास्त द्या. सॅच्युरेटेड मिठाचं पाणी नुसत्या पाण्याच्या साधारण दुप्पट चिकट असतं आणि सुरुवातीला आयन अंदाधुंद टाकलेले असतात, त्यांना एकमेकांपासून सुटायला आणि परत भेटायला वेळ लागतो. २० नॅनोसेकंद फेकून द्या आणि पुढचे ५० मोजा, आणि दोन अर्ध्या भागांचा आकडा वेगवेगळा काढून जुळतो का बघा. नाही जुळला तर अजून चालवा, सरासरी काढून गप्प बसू नका. मधेच घनता तपासा. १.१९८ पासून दोन टक्के हटली असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता आरडीएफ काढा, म्हणजे एका अणूपासून किती अंतरावर दुसरे अणू किती दाटीने आहेत त्याचा आलेख. सोडियम ते ऑक्सिजन, क्लोराइड ते ऑक्सिजन, क्लोराइड ते हायड्रोजन, आणि सोडियम ते क्लोराइड, हे चार तरी लागतातच. सोडियम-ऑक्सिजनचं पहिलं शिखर २.४ जवळ आणि नंतरची दरी ३.२ जवळ दिसेल. क्लोराइड-ऑक्सिजनची दरी ३.८ जवळ, क्लोराइड-हायड्रोजनची ३ जवळ. दरीपर्यंत बेरीज केली की शेजाऱ्यांचा आकडा. ग्रोमॅक्स ही बेरीज स्वतःच काढून देतं, पण स्वतःच्या पायथॉन स्क्रिप्टने काढणार असाल तर एक खड्डा आहे. सूत्रात पाण्याची संख्या-घनता लागते आणि बोटं सवयीने नुसत्या पाण्याची ३३.४ प्रति घन नॅनोमीटर टाइप करतात. सॅच्युरेटेड मिठाच्या पाण्यात ती २९.४ आहे. तेवढ्याने आकडा १३-१४ टक्के फुगतो, ५ चे ५.७ होतात, आणि वाईट म्हणजे तो ५.७ दिसायला अगदी खरा वाटतो.

दरी कुठे घ्यायची यावरही आकडा हलतो. लिथियम-मॅग्नेशियमला दरी खोल असते, तिथे काही फरक पडत नाही. पोटॅशियमला ती उथळ, तिथे ०.१ अँगस्ट्रॉम सरकवलं तरी उत्तर बदलतं, म्हणून कुठे कापलं ते रिपोर्टमध्ये लिहायचंच.

मग सोडियम-क्लोराइडचा आलेख. २.८ जवळचं शिखर म्हणजे थेट चिकटलेले, ५ जवळचं म्हणजे मधे एक पाणी धरून बसलेले. मिठाच्या स्फटिकात हेच अंतर २.८२ असतं आणि शेजारी सहा. पातळपासून दाटपर्यंत चार-पाच पायऱ्या चालवल्यात तर दिसेल की सोडियमभोवतीचं पाणी कमी होत जातं आणि क्लोराइड वाढत जातो, पण दोघांची बेरीज साधारण साडेपाच-सहाच्या आसपासच राहते. जागा तेवढ्याच, बसणारे बदलतात. तुमची बेरीज ७-८ ला गेली तर कुठेतरी गुठळी झालीये, डबा व्हीएमडीत (रेणू दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून डोळ्यांनी बघा.

वाटलेलं पाणी मोजा

हे बहुतेक जण करतच नाहीत आणि दाट सोल्युशनमध्ये खरी माहिती इथेच आहे. आतापर्यंत आपण आयनच्या खुर्चीवरून मोजत होतो, आता पाण्याच्या खुर्चीवर बसायचं. प्रत्येक पाणी घ्या, त्याचा ऑक्सिजन कुठल्या सोडियमपासून ३.२ च्या आत आहे का, त्याचे हायड्रोजन कुठल्या क्लोराइडपासून ३ च्या आत आहेत का, आणि एकूण किती आयन लागले ते लिहा. मग शून्य आयनवाले किती, एकवाले किती, दोनवाले, तीनवाले, असे चार ढीग करा.

ढिगांची सरासरी आधीच कळते. सोडियमकडे ५ पाणी उरलं आणि क्लोराइडकडे ६ धरलं तर ११ स्पर्श, ९ पाण्यांवर वाटले, सरासरी १.२. तुमच्या स्क्रिप्टची सरासरी याच्या आसपास आली पाहिजे. पण सरासरी एकाच्या वर असली तरी काही पाणी शून्यवालं निघतंच, त्यामुळे कुणाच्या तरी डोक्यावर दोन किंवा तीन आयन असणार. समुद्राच्या पाण्याचा हाच हिशोब केला तर सरासरी ०.१३ येते, तिथे वाटून घ्यायची वेळच येत नाही. लिथियम क्लोराइडला, ४ आणि ६ मिळालेच असते तर सरासरी साडेतीन झाली असती, पण एका पाण्याला दोनच हायड्रोजन आणि ऑक्सिजनची एकच बाजू, तेवढे आयन त्याला झेपतच नाहीत, म्हणून तिथे चिकटणं अटळ आहे. हे कागदावरच दिसतं, सिम्युलेशन फक्त किती ते सांगतं.

खऱ्या प्रयोगाशी ताडायचं असेल तर न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनचे (न्यूट्रॉनचा झोत टाकून अणूंमधली अंतरं काढायची पद्धत) आकडे घ्या. ब्रिस्टलच्या जॉन एन्डरबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून हे काम वाढवलं. युक्ती अशी की क्लोरीनचे ३५ आणि ३७ हे दोन आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) न्यूट्रॉनला वेगवेगळं उडवतात, दोन सारखीच सोल्युशनं फक्त आयसोटोप बदलून मोजायची आणि वजाबाकी करायची, उरतं ते फक्त क्लोराइडभोवतीचं. सोडियमला मात्र ही युक्ती चालत नाही कारण त्याचा टिकाऊ आयसोटोप एकच, २३. म्हणून क्लोराइड-लिथियमचे आकडे जितके ठाम सापडतात तितके सोडियमचे नाहीत, ५ की ६ हा घोळ त्यातलाच.

डेबाय-ह्यूकेल कधी सोडायचं

१९२३ चा सिद्धांत, पातळ सोल्युशनला अजूनही झकास. पण दाट सोल्युशनला लावायच्या आधी डेबाय लांबी (आयनचा प्रभार किती अंतरात झाकला जातो ते) काढा, ०.३०४ नॅनोमीटर भागिले आयनिक स्ट्रेंथचं (साध्या मिठाला ती म्हणजे मोलॅरिटीच) वर्गमूळ. ०.१ मोलरला जवळपास १ नॅनोमीटर येते, ठीक. ५.४ मोलरला ०.१३, म्हणजे १.३ अँगस्ट्रॉम. पाण्याचा एक रेणूच २.८ चा. रेणूच्या निम्म्या लांबीत प्रभार झाकला जातो म्हणणं म्हणजे सूत्राने हात वर केले असं समजा. परीक्षेत विचारलं तर लिहा, प्रोजेक्टमध्ये वापरू नका.

हा विषय नुसता पुस्तकी राहिलेला नाही, बॅटरीवाल्यांनी तो उचललाय. २०१५ मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या चुनशेंग वांग यांच्या गटाने आणि तिथल्या लष्करी प्रयोगशाळेच्या कांग शू यांनी मिळून लिथियमचा एक मोठ्या ऋण आयनवाला क्षार पाण्यात २१ मोलॅलपर्यंत विरघळवला. भागाकार करा, लिथियममागे २.६ पाणी. लिथियमला चार हवेत आणि मिळतायत अडीच, त्यामुळे ऋण आयन आत येऊन बसतो, इलेक्ट्रोडवर आधी तोच मोडतो आणि एक थर तयार करतो, पाणी सुटं राहत नाही, आणि एरवी १.२३ व्होल्टला फुटणाऱ्या पाण्याची खिडकी (न फुटता टिकायची मर्यादा) ३ व्होल्टपर्यंत जाते.

शेवटी वेळ

आतापर्यंतचं सगळं म्हणजे फोटो झाला, कोण कुणाशेजारी आहे. कोण किती वेळ टिकतं ते वेगळं मोजावं लागतं. सोडियमच्या कवचातलं पाणी साधारण दहा ते काही दहा पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) बदलतं, क्लोराइडचं त्याहून लवकर. मॅग्नेशियमचं मायक्रोसेकंदाच्या घरात, म्हणजे सोडियमच्या जवळपास लाखपट. आणि त्रिप्रभारी क्रोमियमचं एक पाणी बदलायला काही दिवस लागतात, दिवस!

यातून दोन कामाच्या गोष्टी. एक, सोडियम-क्लोराइडसाठी फ्रेम (रनमधला एका क्षणाचा फोटो) दर १० पिकोसेकंदाला सेव्ह करत असाल तर मधे पाणी जाऊन परत आलेलं दिसणारच नाही, या मोजणीसाठी वेगळा छोटा रन लावा, दर ०.१ पिकोसेकंदाला, एखाद-दोन नॅनोसेकंद पुरे, नाहीतर हार्ड डिस्क भरेल. क्षणभर बाहेर डोकावून आलेलं पाणी गेलं असं धरायचं नाही, साधारण २ पिकोसेकंदांची सूट द्यायची आणि ती किती दिली ते लिहायची. दोन, मॅग्नेशियम घेतलंत तर ५० नॅनोसेकंदांत त्याच्या कवचातला एकही रेणू बहुतेक हलणार नाही, म्हणजे तुम्ही पहिल्या फ्रेमला जे बसवलं तेच शेवटच्या फ्रेमला मिळणार. आयन टाकताना चुकून एखादा क्लोराइड त्याला चिकटून पडला असेल तर तो तिथेच राहील आणि तुम्ही त्याला निकाल समजाल. म्हणून मॅग्नेशियमचा रन सुरू करायच्या आधी प्रत्येक मॅग्नेशियमभोवती सहा ऑक्सिजन आहेत आणि क्लोराइड एकही नाही, हे मोजूनच पुढे जा.